पाचशे जीन्स शिवण्याआधी तीस शिवा: उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या उदाहरणातून समजून घ्या 'लीन स्टार्टअप'

'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! कल्याणच्या पुढे राहणाऱ्या प्रत्येकाने हा जोक एकदा तरी ऐकलेला असतो. जोकचा रोख नकली मालावर असतो. पण या शहराने धंदा कसा उभा केला हे बघितलं, तर आज स्वतःचं काही सुरू करू पाहणाऱ्यांच्या कामाची एक पद्धत सापडते. थोडा माल बनवायचा, बाजारात नेऊन बघायचा, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकायचं आणि मगच पुढचा लॉट काढायचा.

याच विचाराला अमेरिकेत 'लीन स्टार्टअप' हे नाव मिळालं आणि 2011 साली आलेल्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे तो जगभर पोचला. आता प्रत्येक स्टार्टअपच्या रीलमध्ये एमव्हीपी, पिव्हट, व्हॅलिडेशन हे शब्द ऐकू येतात. त्यांचा नेमका अर्थ काय आणि बदलापूरच्या वन बीएचकेमध्ये बसून ते कसे वापरायचे, ते समजून घेऊ.

प्रश्न कुणाच्या पैशाचा आहे?

या पट्ट्यातून रोज हजारो लोक लोकलने मुंबईला नोकरीला जातात. त्यातला एखादा ठरवतो, की आता स्वतःचं काहीतरी करायचं. मग पीएफ काढला जातो, घरचं सोनं गहाण पडतं, गाळ्याचं डिपॉझिट भरलं जातं, लोगो होतो, बोर्ड लागतो, उद्घाटनाची पूजा होते. आणि सहा महिन्यांनी कळतं, की आपण जे बनवलं ते लोकांना नकोच आहे.

सुरुवातीच्या काळात बुडणारा पैसा बहुतेक वेळा बँकेचा किंवा गुंतवणूकदाराचा नसतो, घरचा असतो. त्यामुळे लीन पद्धतीचा पहिला प्रश्न 'हे बनवता येईल का?' असा नसतो. तो असतो: 'हे बनवलं तर कुणी पैसे देऊन घेईल का? आणि हे कमीत कमी खर्चात कसं कळेल?'

ही कल्पना आली कुठून?

'लीन' या शब्दाचं मूळ जपानच्या टोयोटा कंपनीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये गाड्यांची मागणी कमी होती आणि कंपनीकडे पैसा नव्हता. 1949-50 मध्ये तर टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. अमेरिकन कंपन्यांसारखा हजारो गाड्यांचा साठा करून ठेवणं तिला परवडणारं नव्हतं. ताइची ओनो या अभियंत्याने पुढच्या काळात जी पद्धत बसवली, तिचा गाभा सोपा होता: लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच बनवायचं. न खपलेला साठा म्हणजे अडकलेला पैसा. 1988 साली जॉन क्राफ्चिक या संशोधकाने एका लेखात या पद्धतीसाठी 'लीन' हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला.

नव्या कंपन्यांपर्यंत हा विचार आणला एरिक रीस याने. 2004 साली त्याने सहकाऱ्यांसोबत आयएमव्हीयू नावाची कंपनी काढली. लोक आधीपासून जी चॅटिंग ॲप्स वापरतात त्यांनाच जोडून चालेल असं थ्रीडी अवतारांचं सॉफ्टवेअर बनवायचं, असा बेत होता. जवळपास सहा महिने खपून ते बनवलं. लोकांनी ते डाउनलोडच केलं नाही. ग्राहकांना बोलावून, समोर बसवून विचारल्यावर कारण कळलं. जी गोष्ट आपणच अजून वापरून बघितली नाही, ती वापरायला मित्रांना बोलवायची त्यांची तयारी नव्हती. रीसने लिहिलेला बराच कोड फेकून द्यावा लागला. कोडमध्ये चूक नव्हती. ज्या समजुतीवर तो उभा होता ती चुकीची होती, आणि ती समजूत तपासायला सहा महिने लागायची गरज नव्हती.

उल्हासनगरने हे पुस्तक न वाचता कसं केलं?

टोयोटा अडचणीत होती, त्याच सुमाराला कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वेगळीच अडचण चालू होती. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या या कल्याण कॅम्पमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आलं. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. 8 ऑगस्ट 1949 रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं 'उल्हासनगर' असं नामकरण झालं. आजही इथले पत्ते कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगितले जातात.

घर, जमीन, दुकान सगळं मागे टाकून आलेल्या माणसांकडे भांडवल नव्हतं. मग पापड-मिठाईपासून छोट्या-मोठ्या वस्तूंपर्यंत जे घरी बनवता येईल ते बनवायचं आणि लोकलमध्ये, रस्त्यावर नेऊन विकायचं. आज खपलं तर उद्या तेच बनवायचं, नाही खपलं तर दुसरं काहीतरी. नफा थोडा ठेवायचा, पण पैसा लवकर फिरवायचा. पुढे याच शहरात फर्निचरचं मार्केट, कपड्यांचे बाजार आणि जीन्स शिवणारे कारखाने उभे राहिले.

टोयोटा आणि उल्हासनगर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण हातात पैसा कमी असताना मोठी पैज लावायची नसते, हे दोघांनाही परिस्थितीने शिकवलं.

आता एक उदाहरण घेऊ

समजा, बदलापूरच्या दोन मैत्रिणींना बायकांसाठी खोल खिशांची जीन्स काढायची आहे. लेडीज जीन्सच्या खिशात फोन मावत नाही आणि लोकलच्या गर्दीत पर्स सांभाळत फोन हातात धरावा लागतो, हा त्यांचा रोजचा अनुभव. कल्पना चांगली आहे. माल शिवून घ्यायला उल्हासनगर जवळच आहे. (पुढचे सगळे आकडे हिशोब समजण्यासाठी घेतलेले आहेत.)

पहिला मार्ग नेहमीचा. पाचशे पीस काढले तर कापड, शिलाई, वॉश, चेन-बटण धरून एक जीन्स 450 रुपयांत पडते. म्हणजे 2 लाख 25 हजार रुपये मालात गेले. वेबसाइट आणि फोटोशूट वेगळं.

दुसरा मार्ग लीनचा. त्याच्या पायऱ्या अशा:

1. आधी समजुती कागदावर लिहा

प्रत्येक धंदा काही गृहीतकांवर उभा असतो. या दोघींची गृहीतकं तीन आहेत. एक, खिसा ही बायकांना खरंच मोठी अडचण वाटते. दोन, त्यासाठी त्या 799 रुपये देतील. तीन, ट्रायल न घेता त्या ऑनलाइन जीन्स मागवतील. यातलं जे चुकलं तर सगळंच कोसळेल, ते आधी तपासायचं.

2. 'घ्याल का?' असं विचारू नका

'अशी जीन्स आली तर घ्याल का?' असं विचारलं, की मैत्रीण, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या 'हो, नक्की!' म्हणतात. मन मोडायला कुणालाच आवडत नाही. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टी विचारा. शेवटची जीन्स कधी घेतली? केवढ्याला? लोकलमध्ये फोन कुठे ठेवता? खिसा मोठा करून घ्यायला कधी शिंप्याकडे गेलात का? वीस जणींपैकी पाच जणी खिशासाठी शिंप्याला पैसे देऊन आल्या असतील, तर अडचण खरी आहे. सगळ्या नुसत्याच 'हो ना, फार त्रास होतो' म्हणत असतील, तर ती तक्रार आहे, मागणी असेलच असं नाही.

प्रश्न घरच्यांना आणि कॉलेजच्या ग्रुपला विचारून थांबू नका. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, जिममधल्या मुली, रोज डब्यात भेटणाऱ्या पण ओळख नसलेल्या बायका: जितकी ओळख कमी, तितकं उत्तर खरं.

3. एमव्हीपी बनवा

एमव्हीपी म्हणजे मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट. सोप्या भाषेत, ज्यातून खरी माहिती मिळेल असा सगळ्यात छोटा नमुना. हलक्या दर्जाचा माल म्हणजे एमव्हीपी नव्हे. खिसा हाच मुद्दा असेल तर खिसा पक्काच हवा. लोगोचं बटण, छापील पिशवी, वेबसाइट या गोष्टी थांबू शकतात.

इथे तीस पीस पुरतात. छोट्या लॉटला दर जास्त लागतो. एक जीन्स 450 ऐवजी 520 ला पडली असं धरू. तीस पीसचे झाले 15 हजार 600 रुपये. प्रत्येक पीसमागे 70 रुपये जास्त, म्हणजे एकूण 2 हजार 100 रुपये जादा गेले. अनेक जण इथेच अडखळतात. 'पाचशे काढल्या तर स्वस्त पडतील' हे खरंच आहे, पण त्या खपल्या तर. ते 2 हजार 100 रुपये शिकण्याची फी समजा. फिटिंग चुकलं आणि पाचशे पीस घरात पडून राहिले, तर फी सव्वादोन लाखांची होते.

कधीकधी एमव्हीपीला माल बनवावाही लागत नाही. अमेरिकेत 1999 साली निक स्विनमर्न याने बूट ऑनलाइन विकायचं ठरवलं. लोक पायात न घालता बूट घेतील का, हीच शंका होती. त्याने जवळच्या दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले आणि वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानातून पूर्ण किमतीला बूट विकत घेऊन तो पाठवायचा. त्यात नफा नव्हता, पण लोक घेतात हे कळलं. ती कंपनी म्हणजे झॅपोस. 2009 मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली. उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटचा माल ऑनलाइन विकायचा असेल तर हाच रस्ता आहे. आधी शोरूम घेऊ नका. दुकानदाराची परवानगी घ्या, दहा वस्तूंचे फोटो लावा आणि किती ऑर्डर येतात ते बघा.

4. योग्य आकडा मोजा

इन्स्टाग्रामवर पाच हजार फॉलोअर्स झाले, रील व्हायरल झाली, हे बघायला छान वाटतं. याला 'व्हॅनिटी मेट्रिक' म्हणतात, म्हणजे मिरवायचे आकडे. त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. कामाचे आकडे वेगळे: किती जणींनी 200 रुपये ॲडव्हान्स भरला? किती माल परत आला? किती जणींनी दुसऱ्यांदा घेतली?

परत येणारा माल किती महत्त्वाचा आहे, ते बघा. जीन्स 799 ला विकली, बनवायला 520 आणि कुरिअरला 90 रुपये लागले. दहा ऑर्डरपैकी एक परत आली, तर नऊ जीन्सचे 7 हजार 191 मिळतात. नऊ जीन्सचा खर्च 4 हजार 680, आणि जाताना दहा व परत येताना एक अशा अकरा कुरिअरचे 990. हातात राहतात 1 हजार 521. दहापैकी तीन परत आल्या, तर याच हिशोबाने हातात फक्त 783 राहतात. ऑर्डर तितक्याच, नफा निम्मा. आणि यात जाहिरातीचा एक रुपयाही धरलेला नाही.

बनवा, मोजा, शिका आणि पुन्हा बनवा: लीनमध्ये हे चक्र सतत चालू राहतं. एक फेरी जितक्या लवकर आणि स्वस्तात पूर्ण होईल, तितक्या जास्त फेऱ्या त्याच पैशांत मारता येतात.

5. वळायचं की टिकून राहायचं?

तीस जीन्स विकून झाल्यावर समजा असं दिसलं: खिसा सगळ्यांना आवडला, पण कंबर-मांडीच्या मापामुळे बराच माल परत आला. आणि चार जणींनी न विचारता सांगितलं, 'असा खिसा कुर्तीला द्या ना.' मग ग्राहक तेच, अडचण तीच, पण वस्तू बदलायची. कुर्तीत मापाची कटकट कमी, त्यामुळे परत येणारा मालही कमी. याला 'पिव्हट' म्हणतात. जे शिकलो ते हातात ठेवून दिशा बदलायची. दर आठवड्याला नवी कल्पना पकडणं म्हणजे पिव्हट नव्हे.

महाराष्ट्रातलं खरं उदाहरण: क्विक हील

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. 1990 च्या सुमारास त्यांनी स्वतःचं छोटं दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे कम्प्युटर आले, तसे ते कम्प्युटरही दुरुस्त करू लागले. 1993 मध्ये 'कॅट कम्प्युटर सर्व्हिसेस' सुरू झाली. दुरुस्तीला येणाऱ्या अनेक मशीनमध्ये एकच दुखणं दिसायचं: व्हायरस. धाकटे भाऊ संजय कम्प्युटरचं शिक्षण घेत होते. त्यांनी हे व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. ते ग्राहकांच्या मशीनवर चालतात हे दिसलं आणि 1995 मध्ये त्यातून अँटिव्हायरस बाजारात आला. पुढे कंपनीचं नावच 'क्विक हील' झालं आणि 2016 मध्ये तिचा आयपीओ आला.

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी गिऱ्हाईक दारात होतं, त्याची अडचण रोज डोळ्यांसमोर येत होती, तिच्यावरचा उपाय त्याच गिऱ्हाइकाकडे तपासला गेला आणि मग प्रॉडक्ट झालं. दुरुस्तीच्या धंद्यावर घर चालू होतं, त्यामुळे थांबायला आणि शिकायला वेळही मिळाला. नोकरी सोडायच्या आधी शनिवार-रविवारी चाचणी घेण्याचा सल्ला याच कारणासाठी दिला जातो.

यंत्र किंवा वस्तू बनवायची असेल तर?

कपड्याचे तीस पीस काढता येतात. प्लास्टिकच्या वस्तूचं काय? तिथे खरा खर्च साच्याचा असतो. एकदा साचा बनला की नंतर डिझाइन बदलणं फार महाग पडतं. म्हणून साचा ही सगळ्यात शेवटची पायरी ठेवायची. आधी पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा नमुना, मग थ्रीडी प्रिंट किंवा वर्कशॉपमध्ये हाताने बनवून घेतलेले दोन-चार पीस, मग वापरणाऱ्याच्या हातात देऊन चाचणी, आणि सगळ्यात शेवटी साचा.

अंबरनाथला हा शब्द नवा नाही. इथे 1950 च्या दशकापासून 'मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी' आहे. संरक्षण उत्पादनाशी जोडलेल्या या सरकारी कारखान्याच्या नावातच प्रोटोटाइप आहे. प्रोटोटाइप म्हणजे ज्यात चुका सापडाव्यात म्हणूनच बनवलेला पहिला नमुना. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसी पट्ट्यात कारखाने आणि वर्कशॉप आहेत. तिथे काम करणाऱ्या माणसाला डिझाइन दाखवलं, तर 'हे इथे तुटेल' हे तो बनवायच्या आधीच सांगू शकतो. या सल्ल्यासाठी डब्यात शेजारी बसणाऱ्या फिटर काकांना विचारायलाही हरकत नाही.

कुठे कंजुषी करायची नाही?

लीन म्हणजे सगळंच कमीत करणं, असा अनेकांचा समज होतो. उल्हासनगरच्या जीन्सचीच गोष्ट बघा. जीन्सला फिका, वापरलेला लूक देण्यासाठी वॉश लागतो. त्यात रसायनं वापरली जातात. वर्षानुवर्षं हे सांडपाणी प्रक्रिया न करता वालधुनी नदीत जात राहिलं. वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कारवाई झाली आणि शहरातले अनेक जीन्स वॉश कारखाने बंद पडले. माल स्वस्त पडत होता, कारण त्याच्या खर्चाचा एक भाग नदी आणि नदीकाठचे लोक भरत होते. शेवटी त्याची किंमत कामगारांच्या रोजगारालाही मोजावी लागली.

म्हणून काही गोष्टींची 'छोटी चाचणी' घ्यायची नसते. घरगुती डबे विकायचे असतील तर एफएसएसएआयची नोंदणी पहिल्या डब्याआधी. विजेवर चालणारी वस्तू असेल तर सुरक्षिततेची तपासणी आधी. ज्याच्याकडून वॉश करून घेताय त्याचं सांडपाणी कुठे जातं, हा प्रश्न तीस पीसच्या वेळीही विचारायचा. दुसऱ्याच्या ब्रँडचं लेबल लावून मागणी तपासणं हाही गुन्हाच. आणि ॲडव्हान्स घेतला असेल, तर माल देता आला नाही तेव्हा पैसे लगेच परत. उद्यम नोंदणी तर सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही.

थांबायचं कधी?

लीन पद्धतीतला हा सगळ्यात अवघड भाग आहे. थोडा अजून पैसा टाकला की चालेल, असं प्रत्येक टप्प्यावर वाटतं. पहिले पैसे गेलेत म्हणून आणखी घातले जातात. एकदा भावनेत अडकलं की आकडे दिसेनासे होतात.

यावर उपाय एकच. डोकं शांत असताना, पहिला रुपया घालायच्या आधी, एका कागदावर तीन ओळी लिहा:

* जास्तीत जास्त किती पैसे घालणार? (उदा. 40 हजार)
* कोणत्या तारखेपर्यंत बघणार? (उदा. दिवाळीपर्यंत)
* तोपर्यंत कोणता आकडा दिसला तर पुढे जाणार? (उदा. 30 पैकी 20 विक्री आणि 5 जणींची दुसरी ऑर्डर)

हा कागद घरी दाखवा. आईला, नवऱ्याला, बायकोला, ज्यांचे पैसे यात आहेत त्यांना. आकडा गाठला तर पुढच्या लॉटसाठी पैसे मागताना हातात पुरावा असेल. नाही गाठला, तर किती गेले आणि त्यातून काय कळलं, हे सांगता येईल. सोनं कपाटातच असेल आणि सोमवारची लोकल पकडून नोकरीवर जाता येईल. पुढची कल्पना तपासायला शनिवार आहेच.